गौरीच्या अमर पेशी

१

परीक्षित सरनोबतचा फोन आला तेव्हा तो रडत होता की धापा टाकत होता, हे मला कळलं नाही. "वहिनींना दे," एवढंच तो म्हणाला.

कस्तुरीने फोन कानाला लावला आणि बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सगळ्याच? गोठवलेल्यासुद्धा? बरं, कशाला हात लावू नको. आम्ही येऊन राहिलो."

माझी बायको नागपूरची. जयपुरात इतकी वर्षं काढूनही घाईत असली की तिचं नागपूर बाहेर येतं. ती इथल्या एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवते, म्हणजे जनावर कशाने मेलं ते त्याच्या पेशींना विचारते. मागे एका तबेल्यातले घोडे पटापट मरायला लागले, तेव्हा मालकाने शेजाऱ्यावर विषप्रयोगाची तक्रार ठोकली होती. कस्तुरीने चाऱ्यातली बुरशी दाखवून दिली आणि शेजारी सुटला. तेव्हापासून महाराष्ट्र मंडळातले लोक तिला अर्ध्या थट्टेने 'इन्स्पेक्टर वहिनी' म्हणतात. मी नीलकंठ टिकेकर. सीतापुऱ्यातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात शिवणीतले दोष शोधतो. माणसांतले शोधणं मला जमत नाही, ते या हकिगतीत दिसेलच.

"काय चोरीला गेलं?" गाडी टोंक रोडला लागल्यावर मी विचारलं.

"गौरी," ती म्हणाली.

गौरी ही आमेरची एक संकरित गाय. ती कधीच मेली होती. अंगभर गाठी येऊन, झिजत झिजत गेली आणि सगळ्यांनी तिला रक्ताचा कॅन्सर ठरवला. परीक्षितने तिच्या गाठीतल्या पांढऱ्या पेशी आपल्या प्रयोगशाळेत आणून वाढवल्या. साध्या पेशी काचेत काही दिवस जगतात आणि थांबतात. गौरीच्या थांबेनात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असं त्यांचं अखंड चाललं होतं. आणि परीक्षितने बनवलेल्या औषधाचा थेंब पडला की त्याच पेशी वाढायच्या थांबत आणि निमूट मरून जात. निरोगी पेशींना औषधाने धक्कासुद्धा लागत नसे.

सोमवारी दिल्लीहून तज्ज्ञांची समिती येणार होती. ती प्रयोग डोळ्यांनी बघणार होती, गौरीच्या पेशींची एक नळी तपासायला सोबत नेणार होती आणि मग माणसांवरच्या चाचणीचं ठरणार होतं.

आज शनिवार होता. आणि गौरीची एकही पेशी जागेवर नव्हती.

२

परीक्षितची प्रयोगशाळा सीतापुऱ्यात, एका दागिन्यांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. कुलूप शाबूत होतं, खिडक्या आतून बंद होत्या. किल्ल्या तिघांकडे असायच्या. एक स्वतः परीक्षितकडे, दुसरी त्याचा भागीदार मिहीर कर्णिककडे आणि तिसरी संशोधक गार्गी दिघेकडे.

"पोलिसांत जायला मिहीर नको म्हणतो," परीक्षित म्हणाला. "बातमी फुटली तर समितीच येणार नाही म्हणे. म्हणून तुम्हाला बोलावलं, वहिनी." त्याची दाढी वाढली होती. एरवी मंडळाच्या गणपतीत ढोल बडवणारा हा कोल्हापूरचा गडी आज खुर्चीचा आधार घेऊन उभा होता.

पेशी दोन ठिकाणी होत्या. जिवंत वाढणाऱ्या पेशी प्लास्टिकच्या चपट्या कुप्यांमध्ये, उबदार इन्क्युबेटरमध्ये. गोठवलेल्या पेशी बोटाएवढ्या नळ्यांमध्ये, द्रव नायट्रोजनच्या टाकीत. दोन्हीकडची गौरी नाहीशी झाली होती. शेजारीच ठेवलेल्या, माणसाच्या कॅन्सरपेशी मात्र जशाच्या तशा होत्या.

"आणि औषध?" कस्तुरीने विचारलं.

"ते आहे की. कपाटात, हात न लावलेलं."

कस्तुरी भिंतीवरच्या फळ्यासमोर थांबली. तिथे औषधाच्या रेणूचं चित्र होतं. दोन षटकोन एकमेकांना चिकटलेले, त्यातल्या एकाला ऑक्सिजनचे दोन कान आणि मागे एक लांब शेपटी.

"हे कुठून काढलंस?"

"सोजतच्या मेंदीतून." त्या अवस्थेतही परीक्षितच्या आवाजात अभिमान आला. तो मूळचा रसायनवाला. रेणूंवर त्याचा जीव. "मेंदीला ज्याच्यामुळे रंग असतो, तो रेणू घेतला आणि त्याला शेपटी जोडली."

"माणसाच्या कॅन्सरपेशींवर चालतं?"

"तिथे अजून डोस बसत नाहीये."

ती "हं" म्हणाली. मग कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली. पांढऱ्या चिनी मातीवर जांभळट निळा डाग होता, घासूनही पुरता न गेलेला. तिने तो नखाने खरवडून पाहिला. शेवटी तिने ऑटोक्लेव्ह उघडला. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा प्रेशर कुकर; नको असलेले जंतू आणि पेशी त्यात वाफेने मारून टाकतात. आत एक पिशवी होती. पिशवीत वितळून वेडेवाकडे झालेले प्लास्टिकचे गोळे.

परीक्षितने ते बघितले आणि तो मटकन खुर्चीत बसला. "माझ्या कुप्या! उकडल्या?"

"कुप्या उकडल्या," कस्तुरी म्हणाली. "पण नळ्या यात नाहीत. आणि नळ्या न्यायला नायट्रोजनचं भांडं लागतं, नाहीतर त्या रस्त्यातच मरतात. ज्याला मारायचंच होतं, तो एवढा त्रास काहून घेईल? त्याच पिशवीत टाकून मोकळा झाला असता." तिने झाकण लावलं. "परीक्षित, तुझ्याकडे एक चोर आलेला नाही. दोन आले. एकाने गौरीला मारलं आणि दुसऱ्याने तिला वाचवलं."

३

मिहीर कर्णिक ठाण्याचा, चाळिशीच्या आतला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. कंपनीचं पैसे उभारण्याचं काम तो बघायचा. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची त्याला सवय होती आणि मला तो लगेच आवडला.

"मॅम, हे सरळ आहे," तो म्हणाला. "कुणीतरी स्पर्धक. पण आपलं काही अडत नाही. प्रयोगाचा व्हिडिओ आहे, सगळे आकडे आहेत. समितीला आपण तेच दाखवू. उलट चोरी झाली म्हटल्यावर लोकांना कळेल की मालात दम आहे."

"स्पर्धकाने औषध नाही नेलं."

"घाईत राहिलं असेल."

"आणि समितीला तपासायला पेशी देता येणार नाहीत."

"त्याला आता आपण काय करणार?" मिहीर हसला. हसणं चांगलं होतं.

गार्गी दिघे जयपुरातच जन्मलेली, जयपुरातच वाढलेली. तिचं मराठी घरात आईपुरतं उरलेलं. ती बोटातली अंगठी फिरवत बसली होती.

"मॅडम, मी शुक्रवारी घरी गेले तेव्हा कुप्या होत्या. मतलब, मी स्वतः बघितल्या."

"आणि नळ्या?"

गार्गीने अंगठी फिरवणं थांबवलं. मग म्हणाली, "टाकी मी उघडून नाही बघितली."

"बेसिनमध्ये तो डाग कशाचा?"

"कोणता डाग?" तिने इतक्या पटकन विचारलं की माझ्याही लक्षात आलं.

"गार्गी, तुला परीक्षित सर कसे वाटतात?"

असला प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. तिचे डोळे भरून आले. "सर खूप चांगले आहेत. मला इथे त्यांनीच उभं केलं. पण सध्या ते ऐकत नाहीत, मॅडम. त्यांच्या दादांचं आहे ना ते... त्यामुळे त्यांना काही ऐकायचंच नसतं."

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. तिचा नवरा संकल्प तिला न्यायला आला होता. खिडकीतून मी पाहिलं. मोटरसायकल, मागे कॅरियरला बांधलेला ॲल्युमिनियमचा जाड बुडाचा, निमुळत्या गळ्याचा कॅन.

"दुधाचा धंदा दिसतो," गाडीत बसताना मी म्हणालो.

कस्तुरीने माझ्याकडे पाहिलं. तिला हसू येत होतं, ते तिने दाबलं. "आधी परीक्षितच्या घरी चल," ती म्हणाली. "मला त्याच्या दादांना भेटायचंय."

४

उत्तमराव सरनोबत परीक्षितपेक्षा पुष्कळ मोठे. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच परीक्षितला शिकवलं, स्वतः पाटबंधारे खात्यात नोकरी करून. त्यांना रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा परीक्षितने त्यांना कोल्हापूरहून जयपुरात आणलं. इथल्या इस्पितळात केमोची पहिली फेरी झाली होती.

ते गच्चीवर उन्हात बसले होते, डोक्याला लोकरीची टोपी. "या, या इन्स्पेक्टर बाई! चोर घावला का?"

"घावेल. तुमची दुसरी फेरी कधी?"

"ती आता बंद. रद्द केली आम्ही." त्यांनी हात हवेत उडवला. "ते औषध माणसाला आतनं जाळतंय ओ. परीक्षितचं औषध येतंय की आता. चाचणीत पहिलं नाव माझं घालतोय म्हणालाय. त्या मिहीरनं गाडीतनं नेऊन इस्पितळात लिहून देऊन आणलं, उपचार नको म्हणून. चांगला पोरगा आहे."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ओरडले. पहिल्या फेरीनं चांगला गुण आलाय म्हणे, मधे सोडू नका म्हणे." त्यांनी टोपी कानांवर ओढली. "पण भावानं इतकी वर्षं खपून केलंय, त्याच्यावर विश्वास नको ठेवायला?"

जिना उतरताना कस्तुरीने कठडा घट्ट धरला होता. आमच्या संसारात मी तिला रागावलेली पुष्कळदा पाहिली आहे, पण घाबरलेली फार कमी वेळा.

"समितीचं जाऊ दे," ती म्हणाली. "या माणसाकडे वेळ नाही. आमेरला चल, आत्ता."

५

गौरीची मालकीण रामप्यारी आमेरच्या मागच्या अंगाला राहते. डोंगराच्या पायथ्याशी बाजरीचं शेत आणि शेजारी गोठा. तिने आम्हाला खाटेवर बसवलं, ताकाचे पेले दिले आणि गौरीची आठवण काढून पदर डोळ्यांना लावला. गाय पंजाबातून आणलेली, दूध भरपूर द्यायची. उन्हाळ्यात ताप भरला, खांद्यापुढे नारळाएवढी गाठ आली, मग अंग पिवळं पडत गेलं.

"अंगावर गोचीड होते?" कस्तुरीने हिंदीत विचारलं.

"चींचड़? कानात, कासेवर, जिकडे तिकडे." रामप्यारीने गोठ्यातल्या दुसऱ्या गाईकडे बोट केलं. "हिलाही तशीच गाठ आली होती, गौरीनंतर. तसाच ताप. आम्ही म्हटलं, ही पण गेली. पण तेव्हा नवा डॉक्टर आला होता गावात. त्याने सुई दिली आणि आठवड्यात गाठ बसली."

कस्तुरी उठली. तिने त्या गाईच्या खांद्यापुढे हात फिरवला, डोळ्याची पापणी ओढून बघितली, पाठीवर थाप मारली. गाय शेपटी हलवत कडबा खात राहिली.

"कॅन्सर एका गाईवरून दुसरीवर उडी मारत नाही," परत येताना ती म्हणाली. "आणि एका सुईने बसत नाही."

"मग काय होतं ते?"

"उद्या सांगते. आधी मला गौरीला भेटायचंय."

"गौरी आहे कुठे?"

"मुरलीपुऱ्यात," कस्तुरी म्हणाली. "तुझ्या त्या दुधवाल्याकडे."

६

रविवारी सकाळी मुरलीपुऱ्यातल्या त्या दुमजली घराचं दार गार्गीनेच उघडलं. आम्हाला बघून तिने दाराच्या चौकटीला हात टेकला.

"संकल्प गाईंना कृत्रिम रेतन करतो ना?" कस्तुरी म्हणाली. "गावोगाव बैलाचं वीर्य न्यायचं म्हणजे द्रव नायट्रोजनचा कॅन हवाच. या शहरात तो घरात ठेवणारी माणसं फार नाहीत, गार्गी. घाबरू नको. तू तिला जिवंत ठेवलंस, त्याबद्दल मी आभार मानायला आले."

गार्गी तिथेच रडायला लागली. मग सगळं बाहेर आलं, अर्धं मराठीत आणि अर्धं हिंदीत.

माणसाच्या पेशींवर औषध चालत नव्हतं, हे तिला सतावत होतं. गौरीतच असं काय वेगळं आहे? सगळे जण पेशी जिवंत बघायचे, वाढतात की मरतात एवढंच मोजायचे. गुरुवारी तिने त्या काचेवर पसरल्या आणि रक्त तपासताना वापरतात तो जांभळा रंग दिला. सूक्ष्मदर्शकातून जे दिसलं, ते तिने आधी मिहीरला दाखवलं, कारण सरांना एकदा नुसतं 'रंग देऊन बघू या' म्हटलं तर ते भडकले होते. मिहीर म्हणाला, दूषित झाल्या असतील, सगळं टाकून दे, सोमवारी व्हिडिओ दाखवू. वर हेही म्हणाला, की बाहेर बोललीस तर या क्षेत्रात तुला कुणी उभं करणार नाही.

"म्हणून मी शुक्रवारी नळ्या घेऊन आले. त्या गेल्या असत्या तर खरं कोण मानणार? मतलब, माझ्या एकटीच्या शब्दाला काय किंमत? कुप्यांना इन्क्युबेटर लागतो, त्या नाही आणता आल्या."

"त्या मिहीरने उकडल्या," कस्तुरी म्हणाली. "तुझी काच आहे?"

होती. देवघरात, देवाच्या चांदीच्या डबीत ठेवलेली.

दुपारी कस्तुरीच्या महाविद्यालयात आम्ही पाच जण जमलो. ही काच गार्गीने गुरुवारी केली आणि मिहीरला दाखवली, एवढं सांगून तिने परीक्षितला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. मिहीर दाराजवळ उभा राहिला.

"पेशीचा मोठा जांभळा केंद्रक दिसतो?" कस्तुरीने विचारलं. "त्याच्या बाजूला निळ्यात बघ."

"ठिपके आहेत. पुंजका." परीक्षितने भिंग फिरवलं. "प्रत्येक पेशीत आहेत. काय आहे हे?"

"थायलेरिया. गोचिडाच्या लाळेतून गाईच्या रक्तात उतरणारा परजीवी. आपल्याकडे शेतकरी याला गोचीड ताप म्हणतात." तिने खुर्ची जवळ ओढली. "आता याची हुशारी ऐक. बाकीचे परजीवी पेशीत घुसतात, खातात, तिला फोडून बाहेर पडतात. हा फोडत नाही. पांढऱ्या पेशीला वाढायची वेळ कधी येते? शत्रू आला की शरीर तिला 'वाढ' असा निरोप धाडतं, आणि काम झालं की निरोप बंद होतो. हा आत बसून तोच निरोप चालू ठेवतो, बंदच होऊ देत नाही. पेशी बिचारी हुकूम पाळत सुटते, वाढतच राहते. आणि ती दुभंगायला लागली की हा तिच्याच दोऱ्यांना चिकटतो. ज्या दोऱ्या तिचा केंद्रक दोन्हीकडे वाटून देतात, त्यांच्याकडून हा स्वतःलाही वाटून घेतो. दोन लेकी जन्मतात, आणि दोघींच्या पोटात हा आयताच. घर वाढेल तसा घुसलेला पाहुणा वाढतो. स्वतः काही बांधायला नको, शरीराच्या पहारेकऱ्यांना तोंड दाखवायला नको."

सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता परीक्षित हळूच म्हणाला, "काय डोकं आहे."

"आहेच. मी आयुष्यभर याला शिव्या देत आले आणि आयुष्यभर याच्यापुढे हात जोडत आले. एका पेशीचा जीव, आणि गाईच्या पेशीला कॅन्सरसारखं वागायला लावतो. पण एक फरक आहे. खऱ्या कॅन्सरमध्ये पेशीच बिघडलेली असते. इथे पेशी धड आहे, हुकूम देणारा दुसराच आहे. त्याला मारला की निरोप थांबतो आणि पेशी आपोआप शांत होते."

परीक्षितने मान वर केली. तो हुशार माणूस आहे. पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. "म्हणजे माझं औषध पेशीला मारत नव्हतं."

"त्या बसलेल्याला मारत होतं. गोचीड तापाची जी सुई मिळते, तिच्यातला रेणू तुझ्या फळ्यावरच्या रेणूचा सख्खा चुलतभाऊ आहे. तेच दोन षटकोन, तेच दोन कान. फळा बघितला तेव्हाच माझ्या मनात शंका आली. बेसिनमध्ये जांभळा डाग दिसला तेव्हा कळलं, की या शंकेने माझ्या आधी कुणाला तरी गाठलंय. आणि आमेरला दुसरी गाय सुईने उठलेली बघून शंका उरली नाही."

"आणि दादा?" परीक्षितने विचारलं.

"दादांच्या रक्तात कुणी बसलेलं नाही. त्यांचा आजार खरा आहे. तुझं औषध त्यांना काही देणार नाही."

परीक्षित सावकाश मिहीरकडे वळला. "तुला गुरुवारी कळलं होतं. दादांना तू इस्पितळात कधी नेलंस?"

मिहीरने पहिल्यांदाच नजर खाली केली. "शुक्रवारी," तो म्हणाला. "सर, सगळं ठरलं होतं. इतकी वर्षं... मला वाटलं, माणसांवरही कदाचित चालेल. नाही म्हणून कोण सांगू शकतं?"

"तुला गार्गीने सांगितलं होतं."

खिशातून प्रयोगशाळेची किल्ली काढून मिहीरने टेबलावर ठेवली आणि तो गेला. दिसायला भला माणूस. मी पुन्हा चुकलो होतो.

गार्गी कोपऱ्यात उभी होती. परीक्षित तिच्यापुढे जाऊन थांबला. "रंग देऊन बघू या, असं तू मला म्हणाली होतीस. मी ओरडलो."

"सर, मी चोरी केली."

"मी केली असती तर माझ्या हातून चांगलं काम झालं असतं," तो म्हणाला. "उद्या समितीला ही काच तू दाखवायचीस. मी शेजारी उभा राहीन."

७

समितीचं पुढे झालं ते थोडक्यात. गार्गीने काच दाखवली, परीक्षितने आपल्या तोंडाने सांगितलं, की हा कॅन्सर नव्हे. कॅन्सरच्या औषधाचा अर्ज तिथेच संपला. पण समितीतल्या एका वयस्कर बाई काचेवरून उठेचनात. जुन्या सुईला दाद न देणारा थायलेरिया काही देशांत दिसायला लागलाय, त्या म्हणाल्या, त्याच्यावर हा मेंदीचा रेणू चालतो का ते बघाल का? परीक्षितने हो म्हटलं. ते काम आता गार्गी बघते.

पण खरी परीक्षा आदल्याच दिवशी, रविवारी संध्याकाळी झाली. परीक्षितने मला सोबत नेलं. एकट्याला गच्चीचा जिना चढवेना.

उत्तमराव तिथेच होते. परीक्षित त्यांच्या पायाशी बसला आणि त्याने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, मिहीरवर ढकललंही नाही. "दादा, मी बघायला पाहिजे होतं. मला बघायचं नव्हतं. मला तुम्ही बरे व्हायला हवे होतात, म्हणून मी तेवढंच बघितलं."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"कसं दिसतंय ते?" उत्तमरावांनी अचानक विचारलं.

"काय?"

"ते जनावर. गाईत बसलेलं."

परीक्षितने मोबाइलवर काचेचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. उत्तमरावांनी चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांजवळ धरला. चित्र मोठं केलं, बाजूला सरकवलं, पुन्हा मोठं केलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. आयुष्यभर धरणं आणि कालवे बांधलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पाण्यावर शेत पिकवणारा कुणीतरी भेटला होता.

"लई बेरकी आहे की रे लेकाचं," ते म्हणाले. "एवढंसं, आणि एवढ्या मोठ्या गाईला नाचवतंय. आणि इतकी वर्षं डोकी खपवून तुम्हाला पत्ता नाही. आणि ज्या पोरीनं धरलं, तिला म्हणावं, एकदा घरी ये. तिला मी माझ्या हातचं मटण खायला घालणार आहे."

"दादा..."

"रडू नको. तू खोटं औषध देऊन मला मारलं नाहीस, खरं सांगून इस्पितळात परत पाठवायला आलास. लहानपणी गणितात भोपळा मिळाला तरी मला येऊन सांगायचास, ते मला आवडायचं." त्यांनी टोपी नीट केली आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी त्यांना उठवून उभं केलं. हाडं हलकी लागली, पण पकड घट्ट होती.

"टिकेकर, गाडी आहे न्हवं खाली?"

"आहे."

"मग डॉक्टरला फोन लावा. म्हणावं, म्हातारा परत येतोय. ओरडायचं तेवढं ओरडून घे, पण सुई लाव." आणि कठड्याला धरून, एकेक पायरी बघत, ते आमच्या आधी खाली उतरायला लागले.